फ्यूजला शिव्या देऊ नका

फ्यूज उडाला की तुम्ही काय करता? खरं सांगा. रूमवरचा, होस्टेलचा, गाडीचा, कुठलाही. आपल्यापैकी बहुतेक जण आधी वैतागतो, मग दुसरा फ्यूज टाकतो. तोही उडाला की कुणीतरी हुशार मित्र म्हणतो, "जाड टाक ना, उडणारच नाही." आणि सगळ्यांना पटतं.

हा हुशार मित्र म्हणजे मीच होते. म्हणून हे लिहितेय.

माझं गाव पिंपळगाव रेणुकाई. जालना जिल्हा, भोकरदन तालुका. मिरचीच्या बाजारासाठी आमचं गाव ओळखलं जातं. आमच्याकडं 'व्होल्टेज' हा शब्द कुणाला शाळेत शिकावा लागत नाही. डीपी जळाली, फेज गेला, स्टार्टर पकडत नाही, मोटर जळाली, या गोष्टी घरात जेवताना बोलल्या जातात. अशा गावातली मुलगी मास कम्युनिकेशन शिकून आली आणि फ्यूजच्या बाबतीत माती खाल्ली.

झालं असं. एका संस्थेनं जुनी मोठी बस घेऊन तिची फिरती शाळा केली होती. सीट काढून बाकडी बसवली, पुस्तकांची कपाटं, सहा पंखे, एलईडी पट्ट्या, एक टीव्ही, स्पीकर, लॅपटॉपसाठी चार्जिंग पॉइंट. सुट्टीत मी आठ दिवस त्या बसबरोबर होते. पोरं खूश होती, आम्हीही. फक्त बस रोज काहीतरी नाटक करायची. टीव्ही लावला की मागचे पंखे मंद व्हायचे. रस्त्यात कधीतरी पंखे आणि दिव्यांचा फ्यूज उडायचा. आणि सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'कट्' आवाज. बॅटरी उतरलेली.

तिसऱ्यांदा फ्यूज उडाला तेव्हा आम्ही भोकरदनला होतो. दुकानात दहा अँपिअरचे फ्यूज संपले होते, तीसचे होते. मी म्हटलं, "चालेल, तीसचा द्या, उलट टिकेल." टिकला की. दोन दिवस एकदाही उडाला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी गावातल्या शाळेच्या मैदानावर एक चौथीतली मुलगी म्हणाली, "ताई, इथं बूड भाजतंय."

बाकड्याचं रेक्झिन वर केलं. खाली फोम, आणि फोमला चिकटून गेलेली वायर. वायरचं प्लास्टिक मऊ पडलं होतं, एका जागी फोम तपकिरी झाला होता.

मामांची तपासणी

गावात पंप-मोटरींचं वायंडिंग करणारे एक मामा आहेत. त्यांना बोलावलं. ते येऊन पहिल्यांदा बोनेट उघडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी बॅटरीची वायर काढून ठेवायला लावली, पोरांना खाली उतरवलं आणि आम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. फ्यूज उभ्या गाडीत उडतो का चालत्या? पंखे सगळे मंद होतात का मागचेच? बॅटरी रोज उतरते का फक्त टीव्ही लावला त्या दिवशी?

आम्ही आठ दिवस या गोष्टी डोळ्यांनी पाहत होतो, पण एकाचंही उत्तर धड देता आलं नाही. पत्रकारितेत पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात: काय, कुठे, कधी, कोण, का, कसं. ते बसला विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही.

मग थोडं आठवलं. फ्यूज चालत्या गाडीतच उडायचा, तेही खराब रस्त्यावर. मामा म्हणाले, "मग वायर कुठंतरी घासतीय. गाडी हलली की पत्र्याला लागती." त्यांनी वायरिंगचा मार्ग हातानं चाचपत नेला. पत्र्याला पाडलेल्या एका भोकातून वायर गेली होती आणि भोकाच्या काठाला रबर बसवलेलं नव्हतं. धार लागून लागून वायर सोलली होती. दहा अँपिअरचा फ्यूज तीन वेळा हेच ओरडून सांगत होता. आम्ही त्याचं तोंड बंद केलं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती मलाही बावीस वर्षं कळली नव्हती. फ्यूज पंख्याला वाचवण्यासाठी नसतो, टीव्हीला वाचवण्यासाठीही नसतो. तो वायरला वाचवतो. वायर जेवढा करंट न तापता वाहू शकते, त्यापेक्षा कमी आकड्याचा फ्यूज लावायचा, म्हणजे काही बिघडलं तर आधी फ्यूज जातो. दहाच्या जागी तीसचा टाकला की फ्यूज जागेवर राहतो आणि वायर तापते. म्हणजे आता फ्यूजचं काम वायर करणार. आणि ती वायर आमच्याकडं फोमखाली होती आणि वर चौथीची मुलं बसली होती.

मामा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, त्यो खरं बोलत होता, तू त्यालाच गप केलंस."

मंद पंख्यांचं कोडं

बसची बॉडी लोखंडाची असते, म्हणून बरेच जण प्लसची एकच वायर नेतात आणि मायनस जवळच्या पत्र्याला बोल्टनं जोडतात. करंट बॉडीतून बॅटरीकडं परत जातो. यालाच गॅरेजवाले 'अर्थ' म्हणतात. स्वस्त पडतं, वायर वाचते. पण पत्र्यावर रंग असेल, गंज असेल, बोल्ट सैल असेल तर परतीचा रस्ता अडतो.

मामांनी मल्टिमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मागच्या पंख्याच्या मायनसला. पंखे आणि टीव्ही चालू ठेवले. दोन्ही टोकं मायनसलाच आहेत, म्हणजे आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. आला १.८ व्होल्ट. बारा व्होल्टच्या पंख्यांमधले जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. टीव्हीचा इन्व्हर्टरही त्याच बोल्टला जोडला होता, म्हणून टीव्ही लावला की पंखे मंद. त्या बोल्टला हात लावला तर तो गरम होता. वाटेत हरवलेली वीज जाते कुठं? उष्णता होऊन तिथंच बसते.

बोल्ट सोडला, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत घासला, नवा लग लावला आणि तिथून बॅटरीपर्यंत मायनसची वेगळी जाड वायर ओढली. पुन्हा मोजलं, ०.१. पंखे सुसाट.

आम्ही मात्र त्याआधी दोन नवे पंखे विकत आणले होते. कारण आमचं लॉजिक सरळ होतं: पंखा मंद, म्हणजे पंखा खराब.

उतरणारी बॅटरी

मोठ्या बसमध्ये चोवीस व्होल्टची यंत्रणा असते. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या. पण बाजारात पंखे, स्पीकर, दिवे बारा व्होल्टचे सहज मिळतात. मग बस बनवणारा सोपा मार्ग काढतो: दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच बारा व्होल्ट उचलतो.

मामांनी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. एक १२.६, दुसरी १०.९. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीला असताना साधारण १२.६ दाखवते. म्हणजे एक ठणठणीत आणि दुसरी उपाशी. दोघींना चार्ज करणारा करंट एकच, पण खर्च एकीचाच. त्यामुळं एक कायम अर्धपोटी राहते आणि दुसरीला गरजेपेक्षा जास्त चार्जिंग मिळून तीही खराब होते. नवीन बॅटरी आणली असती तरी काही महिन्यांत हेच झालं असतं.

उपाय म्हणजे चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून बसतो, खर्च दोघींवर सारखा पडतो. आम्ही तो जालन्याहून मागवला. बॅटरीच्या अगदी जवळ योग्य आकड्याचा फ्यूज लावला. त्यानंतर बस सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली.

तीन बिघाड होते, तिन्हींची कारणं वेगळी होती, आणि आम्ही तिन्हींवर एकच औषध देत होतो: काहीतरी नवीन विकत आणा आणि बदला.

मग यात तुमचा काय संबंध?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडं कुठं बस आहे? आहे ना. दिवाळीला पुण्याहून, मुंबईहून, संभाजीनगरहून घरी कशानं येता?

बस बदलून वापरणं ही वाईट गोष्ट नाही, मला उलट ती आवडते. लॉकडाऊनमध्ये २०२० साली एसटीनं मालवाहतूक सुरू केली आणि जुन्या लालपऱ्यांच्या सीट काढून त्यांचे ट्रक केले. पुण्यात जुन्या सिटी बसमधून महिलांसाठी 'ती' स्वच्छतागृहं झाली. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे चाकावरच्या घरांना सरकारी दारही उघडलं. उद्या तुमच्यातलाच कुणी जुनी बस घेऊन कॅफे काढेल, लायब्ररी काढेल. काढाच.

पण बसमध्ये नंतर बसवलेली प्रत्येक गोष्ट, मग तो एसी असो, टीव्ही असो, निळी एलईडी पट्टी असो की तुमच्या सीटजवळचा चार्जिंग पॉइंट, ती मूळ वायरिंगच्या हिशेबात नव्हती. कुणीतरी ती नंतर जोडली. कशी जोडली, कुठल्या वायरवर जोडली, फ्यूज किती अँपिअरचा, हे तिकिटावर छापलेलं नसतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला जैसलमेरहून जोधपूरला निघालेल्या खासगी स्लीपर बसनं पेट घेतला आणि वीसहून जास्त माणसं गेली. ही बस साधीची एसी करून घेतलेली होती आणि शॉर्टसर्किटचा संशय होता, असं तेव्हा बातम्यांमध्ये आलं. आपल्या शेजारी, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ, १ जुलै २०२३ ला खासगी बस उलटून पेटली. २५ जण गेले. तिथं सुरुवात अपघातानं झाली, वायरिंगनं नाही, हे स्पष्ट सांगते. पण आग कशानंही लागो, बंद काचांच्या बसमध्ये बाहेर पडायला मिळणारा वेळ फार थोडा असतो, हे दोन्हीकडं दिसलं.

कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत मनानं करता येत नाही. बसच्या बॉडीसाठी आणि स्लीपर कोचसाठी वेगळी मानकंही आहेत. पण तपासणीला आलेला अधिकारी प्रत्येक रेक्झिन उचलून खालची वायर बघू शकेल का? आमच्या बसची वायर आधी तापली आणि एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीला कळलं. तिनं बोलून दाखवलं, हे आमचं नशीब.

"हे आरटीओचं काम आहे"

माझ्या मैत्रिणीनं हा लेख वाचून हेच म्हटलं. आणि दुसरा आक्षेप: "आपण काय इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहोत?"

पहिल्याचं उत्तर: काम आरटीओचंच आहे, त्यांनी केलंच पाहिजे. पण ट्रॅव्हल्सवाला एलईडी आणि चार्जिंग पॉइंट कुणासाठी बसवतो? आपल्यासाठी. ॲपवर बस निवडताना आपण फोटोत काय बघतो? लायटिंग, स्क्रीन, चार्जिंग. आगीतून बाहेर पडायचा दरवाजा कुठं आहे, हा फोटो आपण कधी शोधलाय? मीही नाही. मालक आपल्याला जे दिसतं त्यावर पैसे घालतो. आपण बघणं बदललं तर तोही थोडं बदलेल.

दुसऱ्याचं उत्तर जरा टोचेल. मामा इंजिनिअर नाहीत. दहावीनंतर त्यांनी आयटीआयचा वायरमन ट्रेड केलाय. आमच्या बसबरोबर फिरणाऱ्या टीममध्ये सहा पदवीधर होतो, त्यातला एक चक्क बी. ई. झालेला. ओहमचा नियम सहाही जणांनी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पण बोल्ट गरम का, हे विचारायची सवय फक्त एकाला होती. आपल्याकडं आयटीआयला जाणारा म्हणजे 'मार्क कमी पडलेला' असं समजायची पद्धत आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर आपणही तेच बोलतो. आणि मग रात्री दोन वाजता रूमवरची लाइट गेली की त्यालाच फोन लावतो.

माझी कॉलेजांकडं मागणी मोठी नाही. वेगळा कोर्स नको, क्रेडिट नको. आर्ट्स असो, कॉमर्स असो, वर्षातून एक दिवस जवळच्या आयटीआयमधल्या शिक्षकांना बोलवा. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, दहा आणा. व्होल्टेज कसं मोजायचं, फ्यूज कसा निवडायचा, अर्थ कसा तपासायचा, एवढं प्रत्येकाच्या हातून एकदा होऊ द्या. एनएसएसच्या शिबिरात आपण रांगोळ्या काढतो, त्यातला एक तास याला द्या.

आणि हे फक्त बससाठी नाही. पाच जणांच्या रूममध्ये एका सॉकेटला एक्स्टेन्शन, त्याला दुसरं एक्स्टेन्शन, त्यावर इंडक्शन, इस्त्री आणि तीन चार्जर. हे कुठल्या जुगाडू बसपेक्षा वेगळं आहे?

एवढं तरी करा

- बसमध्ये चार्जिंग पॉइंट गरम लागला, ठिणगी दिसली किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर चार्जर काढा आणि लगेच ड्रायव्हरला सांगा. "सकाळी सांगू" नको.

- सीट मिळाली की आधी इमर्जन्सी दरवाजा आणि काच फोडायची हातोडी शोधा. नसेल तर विचारा.

- काही बंद पडलं तर बदलण्याआधी तीन प्रश्न: कधी होतं? आणखी काय चालू असताना होतं? सगळ्यांना होतं का एकालाच?

- शोधताना सगळं बंद करा आणि एकेक जोडत चला. ज्याला जोडल्यावर बिघाड परत येतो, शोध तिथून सुरू करा.

- फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा फ्यूज. तार नाही, सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी नाही, मोठा आकडा नाही.

- बॅटरीजवळ हात घालण्याआधी अंगठी, कडं काढा. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. जवळ आग नको. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

- इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला स्वतः हात घालू नका. तिथं जाणकारच हवा.

ती बस आता दुसऱ्या तालुक्यात फिरतेय. निघताना मामांनी ड्रायव्हरशेजारी एक कागद चिकटवला: कुठली वायर कुठं जाते आणि कुठल्या जागी किती अँपिअरचा फ्यूज. पाटी-पेन्सिलच्या अक्षरात, पण सगळं स्पष्ट. बस बनवणाऱ्यानं हा कागद दिला असता तर आमचे आठ दिवस वाचले असते. जुनी वस्तू नवी करणाऱ्या प्रत्येकानं असा एक कागद सोडून जावा, असं मला वाटतं. त्यात लाज नाही, उपकार आहेत.

मी मात्र तो तीसचा फ्यूज परत दुकानात दिला नाही. माझ्या टेबलावर ठेवलाय. काहीतरी पुन्हा पुन्हा बिघडायला लागलं आणि "जाऊ दे, गप बसवू त्याला" असं मनात आलं की तो दिसतो.

दिवाळीला गावी निघालात की चार्जर लावण्याआधी सॉकेटवर एकदा बोट ठेवून बघा. गरम लागलं तर सांगा. ड्रायव्हर चिडेल कदाचित. चिडू द्या.